रेकॉर्डिंग चालू असताना संगणक आपोआप रीस्टार्ट होतो तेव्हा

गिटारचा चौथा टेक अखेर मनासारखा जमत आलेला असतो आणि तेवढ्यात पडदा काळा होतो, पंख्यांचा आवाज थांबतो आणि काही सेकंदांनी संगणक जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होऊ लागतो. अशा वेळी पहिला राग रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर निघतो, पण तो बहुतेकदा अस्थानी असतो. रीपर, क्युबेस, एबलटन लाईव्ह किंवा ऑडॅसिटी यांपैकी कोणताही प्रोग्रॅम बिघडला, तर ऑपरेटिंग सिस्टिम तेवढाच प्रोग्रॅम बंद करते आणि बाकीचा संगणक चालू राहतो. संपूर्ण संगणकच कोलमडायचा असेल, तर बिघाड त्याहून खोलवर असावा लागतो. म्हणजे एकतर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात काम करणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरमध्ये (एखादे उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये), नाहीतर वीजपुरवठा, उष्णता किंवा मेमरी यांसारख्या प्रत्यक्ष यंत्राच्या बाबतीत.

मग हा प्रकार नेमका रेकॉर्डिंगच्याच वेळी का घडतो, हा प्रश्न रास्त आहे. घरी रेकॉर्डिंग करताना आपण संगणकाकडून शांतता आणि तत्परता अशा दोन गोष्टी एकाच वेळी मागतो. शांततेसाठी आपण पंख्यांचा वेग उतरवतो, संगणक टेबलाखालच्या बंद कप्प्यात सरकवतो आणि खोलीची दारे-खिडक्या लावून घेतो. तत्परतेसाठी बफर, म्हणजे आवाज पुढे पाठवण्यापूर्वी क्षणभर साठवण्याची जागा, लहान करतो, वीजबचतीच्या सोयी बंद करतो आणि इंटरफेस (मायक्रोफोन किंवा गिटार संगणकाला जोडणारे उपकरण), कीबोर्ड, बाहेरची डिस्क अशी सगळी उपकरणे संगणकाच्याच यूएसबीवर जगवतो. एरवी झाकून राहणारा कच्चा दुवा या परिस्थितीत उघडा पडतो. त्यामुळे तपास करताना स्वतः केलेल्या या तजविजीकडेच आधी संशयाने पाहावे, असे माझे मत आहे. पुढील पायऱ्या मुख्यतः विंडोजसाठी लिहिल्या आहेत. मॅक वापरणाऱ्यांसाठी वेगळ्या असलेल्या गोष्टी नंतर स्वतंत्रपणे दिल्या आहेत.

१. आधी झालेले रेकॉर्डिंग वाचवा

संगणक पुन्हा सुरू झाल्यावर लगेच तपासाला लागू नये. प्रोजेक्टचा फोल्डर शोधून त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर काढावी आणि मगच रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर उघडावे. ऑडॅसिटीसारखी सॉफ्टवेअर अशा वेळी अर्धवट राहिलेला प्रोजेक्ट परत मिळवायचा की टाकून द्यायचा, हे विचारतात, आणि वैतागलेल्या मनःस्थितीत चुकीचे बटण दाबले जाणे अगदी शक्य असते. प्रत हाताशी असली, तर ती चूक महागात पडत नाही.

पुष्कळदा अर्धवट राहिलेली वेव्ह फाईल उघडल्यावर तिची लांबी शून्य दिसते आणि सगळे गेले असे वाटते. अशा वेळी फाईलचा आकार पाहावा. वेव्ह फाईलच्या सुरुवातीला एक छोटी माहितीपट्टी असते आणि आवाजाची एकूण लांबी त्या पट्टीत बहुतेक वेळा रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते; संगणक मधेच बंद पडला की ती नोंद राहून जाते, पण आवाज डिस्कवर उतरलेला असतो. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या मांडणीत एका मोनो ट्रॅकला दर सेकंदाला १,४४,००० बाइट, म्हणजे मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट लागतात. तीन मिनिटांच्या गायनाची फाईल सुमारे २६ मेगाबाइटची दिसत असेल, तर आवाज आत आहे असे समजावे. ऑडॅसिटीच्या फाईल मेनूतील ‘इम्पोर्ट’खाली ‘रॉ डेटा’ हा पर्याय असतो. त्यात २४ बिट, लिटल एंडियन, एक चॅनेल आणि मूळ सॅम्पल रेट निवडला की आवाज बहुधा परत मिळतो. सुरुवातीला ऐकू येणारी टिकटिक ही त्या माहितीपट्टीची असते. ती कापून टाकावी. कर्कश खरखर ऐकू आली, तर बिट किंवा चॅनेलची निवड चुकली आहे, एवढाच त्याचा अर्थ. शेवटचे काही सेकंद मात्र गेलेले असू शकतात, कारण ते डिस्कवर पोहोचण्याआधीच वीज तुटलेली असते.

हे झाल्यावर सॉफ्टवेअरमधील आपोआप सेव्ह होण्याची मुदत पाच मिनिटांवर आणून ठेवावी. दोष सापडेपर्यंत काही दिवस जातील आणि तोवर संगणक आणखी काही वेळा दगा देणार आहे, हे गृहीत धरावे.

२. नेमके काय घडले ते लिहून ठेवा

‘संगणक बंद पडला’ या एका वाक्यात किमान चार वेगवेगळे प्रकार दडलेले असतात. पडदा निळा होऊन त्यावर काही मजकूर आला आणि मग रीस्टार्ट झाला, हा पहिला प्रकार. विंडोज ११च्या नव्या आवृत्तीत हा निळा पडदा काळा झाला आहे, त्यामुळे रंगापेक्षा मजकुराकडे लक्ष द्यावे. कोणताही मजकूर न येता दिवा विझावा तसा संगणक विझला आणि लगेच सुरू झाला, हा दुसरा. विझला आणि बटण दाबेपर्यंत विझलेलाच राहिला, हा तिसरा. चित्र गोठले, एकच सूर घरघरत राहिला आणि मग रीस्टार्ट झाला, हा चौथा. पहिल्या आणि चौथ्या प्रकारात संशय ड्रायव्हरकडे वळतो, दुसऱ्यात विजेकडे आणि तिसऱ्यात उष्णतेकडे किंवा पॉवर सप्लायच्या संरक्षक व्यवस्थेकडे. हे नियम पक्के नाहीत, पण तपास कोठून सुरू करायचा हे त्यावरून ठरवता येते.

एक वही घ्यावी आणि दर वेळी तारीख, वेळ, रेकॉर्डिंग सुरू होऊन किती मिनिटे झाली होती, किती ट्रॅक वाजत होते, कोणती उपकरणे जोडलेली होती आणि त्या क्षणी आपण काय करत होतो, एवढे लिहावे. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटला तरी अनेकदा तोच उत्तर देतो. हेडफोनची पिन घालताना, फँटम पॉवरचे (मायक्रोफोनला वीज देण्याचे) बटण दाबताना किंवा खुर्ची मागे सरकवताना रीस्टार्ट झाला असेल, तर ड्रायव्हर बदलण्यात आठवडा घालवण्याची गरज उरत नाही.

३. विंडोजच्या नोंदी वाचा

चूक झाल्यावर विंडोज मुळातच आपोआप रीस्टार्ट होण्यासाठी मांडलेले असते, त्यामुळे पडद्यावरचा मजकूर वाचायला वेळ मिळत नाही. स्टार्ट मेनूत ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधून ती खिडकी उघडावी, ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या चौकटीतील ‘सेटिंग्ज’वर क्लिक करावे आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची खूण काढून टाकावी. यापुढे ड्रायव्हरची चूक झाली, तर मजकूर पडद्यावर टिकून राहील आणि मोबाइलने त्याचा फोटो काढता येईल. ही खूण काढूनही संगणक मजकूर न दाखवता रीस्टार्ट झाला, तर विंडोजला चूक टिपायची संधीच मिळाली नाही असे समजावे. म्हणजे गोष्ट विजेची किंवा यंत्राची असण्याची शक्यता वाढते. या एका खुणेने निम्मा तपास मार्गी लागतो, म्हणून ही पायरी कोणीही गाळू नये.

त्यानंतर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून डावीकडील ‘विंडोज लॉग्ज’खालचा ‘सिस्टिम’ हा भाग निवडावा आणि वहीतील वेळेच्या आसपासच्या नोंदी पाहाव्यात. तेथे लाल खुणांची मोठी गर्दी दिसते आणि नवखा माणूस घाबरतो, परंतु त्यातील बहुतेक नोंदी निरुपद्रवी असतात. आपल्याला चारच क्रमांक हवे आहेत. १०७४ म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमने किंवा व्यक्तीने रीतसर रीस्टार्ट करायला सांगितले होते. ६००८ म्हणजे आधीचे बंद होणे अनपेक्षित होते. १००१ या क्रमांकाची ‘बगचेक’ नोंद म्हणजे विंडोजने स्वतः चूक पकडून काम थांबवले. आणि ‘कर्नल पॉवर’ची ४१ ही नोंद म्हणजे नीट बंद न होता संगणक पुन्हा सुरू झाला.

ही ४१ क्रमांकाची नोंद पाहून अनेक जण पॉवर सप्लाय विकत आणतात. तिच्या नावात ‘पॉवर’ असले तरी ती कारण सांगत नाही, फक्त परिणाम सांगते. नोंदीच्या ‘डिटेल्स’ या भागात ‘बगचेक कोड’ असा एक आकडा असतो, तो पाहावा. आकडा शून्य असेल, तर विंडोजच्या हाती काही लागले नाही आणि वीज, उष्णता किंवा पूर्ण गोठणे यांचा विचार करावा. आकडा शून्य नसेल, तर चूक पकडली गेली आहे. येथे एक खाचखळगा आहे: हा आकडा दशमान पद्धतीत लिहिलेला असतो, तर निळ्या पडद्यावरचे आणि इतरत्र मिळणारे कोड षोडशमान (हेक्साडेसिमल) पद्धतीत असतात. विंडोजचे कॅल्क्युलेटर ‘प्रोग्रॅमर’ प्रकारात घेऊन रूपांतर करावे. उदाहरणार्थ, २०९ म्हणजे डी१, जो सहसा ड्रायव्हरने नको तेथे मेमरीला हात लावल्याचे दाखवतो. ३०७ म्हणजे १३३, ज्यात एखादा ड्रायव्हर ठरलेल्या वेळेत काम संपवत नाही. आणि २९२ म्हणजे १२४, ज्यात प्रोसेसर किंवा मदरबोर्डसारख्या यंत्रभागानेच चूक कळवलेली असते.

नोंद १०७४ची निघाली, तर सुटलात असे समजा. तीत रीस्टार्ट मागणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव लिहिलेले असते आणि ते बहुधा विंडोज अपडेटचे असते. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘ॲक्टिव्ह अवर्स’ आपल्या रेकॉर्डिंगच्या वेळांना झाकतील असे ठेवावेत. ही मुदत १८ तासांपर्यंत वाढवता येते. सलग काही दिवस काम असेल, तर अपडेट तात्पुरते थांबवून ठेवावेत आणि काम संपल्यावर आठवणीने सुरू करावेत.

४. ड्रायव्हर तपासा

कोड मिळाला असेल, तर विंडोजच्या मुख्य फोल्डरमधील ‘मिनीडंप’ या फोल्डरात त्या चुकीची एक छोटी फाईल ठेवलेली असते. मायक्रोसॉफ्टचे ‘विनडीबीजी’ हे मोफत साधन ती फाईल वाचून कोणत्या ड्रायव्हरकडे बोट जाते ते सांगते. नवख्यांना ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ हे निरसॉफ्टचे छोटे साधन सोपे वाटेल. एकाच फाईलवर विसंबू नये. तीन-चार फायलींत एकच ड्रायव्हर दिसत असेल, तर तो गुन्हेगार समजावा. दर वेळी नवे नाव येत असेल, तर ड्रायव्हर बिचारे निर्दोष असून रॅम खराब असण्याची शंका घ्यावी.

ऑडिओ इंटरफेससाठी निर्मात्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा, आपल्या मॉडेलचा आणि आपल्या विंडोज आवृत्तीचा ड्रायव्हर घ्यावा. जुना ड्रायव्हर आधी रीतसर काढून, संगणक एकदा रीस्टार्ट करून आणि इंटरफेस बाजूला ठेवून मग नवा बसवावा. येथे ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’च निवडावा, कारण विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन करताना गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळे नव्याने सुरू होते. पूर्वी वापरलेल्या आणि आता विकून टाकलेल्या इंटरफेसचे ड्रायव्हरही अनेकांच्या संगणकात राहिलेले असतात. तेही काढून टाकावेत.

ऑडिओच्या ड्रायव्हरखेरीज वायफाय आणि ग्राफिक्स कार्ड यांचे ड्रायव्हर अशा वेळी वरचेवर सापडतात. रेकॉर्डिंगला इंटरनेटची गरज नसते, त्यामुळे चाचणीसाठी काही दिवस वायफाय आणि ब्लूटूथ डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करून पाहणे हा फुकटचा आणि पाच मिनिटांचा प्रयोग आहे. ‘लेटन्सीमॉन’ हे साधन दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवले, तर कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला सर्वांत जास्त वेळ अडवून धरतो हे त्यात दिसते.

बफरविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, आणि ५१२चा म्हणजे सुमारे १०.७ मिलिसेकंद. बफर लहान ठेवल्याने आवाजात टकटक येते, आवाज तुटतो, पण निरोगी संगणक केवळ त्यामुळे रीस्टार्ट होत नाही. तरीही चाचणीसाठी बफर ५१२ करून पाहावा. त्याने रीस्टार्ट थांबला, तर दोष गेला असे न समजता ड्रायव्हरवरचा ताण कमी झाल्यामुळे तो दबला आहे, असे समजावे.

५. यूएसबीवरचा भार उतरवा

यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर वीज पुरवण्यासाठी आखलेला आहे. यूएसबीवरच चालणारा इंटरफेस याच विजेतून कंडेन्सर मायक्रोफोनसाठी ४८ व्होल्टची फँटम पॉवर तयार करतो. त्याच्या शेजारी बिनॲडॅप्टरच्या हबवर मिडी कीबोर्ड, बाहेरची हार्ड डिस्क आणि सॉफ्टवेअरची परवाना-किल्ली जोडली, तर बहुतेकदा इंटरफेस अधूनमधून गायब होतो. पण मदरबोर्ड जुना असेल किंवा एखाद्या पोर्टच्या आतली पट्टी वाकून दुसऱ्या पट्टीला टेकत असेल, तर संपूर्ण संगणकही खाली येऊ शकतो. टॉर्चच्या उजेडात प्रत्येक पोर्टच्या आत एकदा पाहून घ्यावे.

इंटरफेस नेहमी मदरबोर्डच्या मागच्या बाजूच्या पोर्टमध्ये थेट जोडावा. कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट आतल्या लांब तारेने जोडलेले असतात आणि ती तार हा आणखी एक कच्चा दुवा असतो. बाकीची उपकरणे स्वतःचा ॲडॅप्टर असलेल्या हबवर न्यावीत. मग चाचणी उलट्या क्रमाने करावी: आधी फक्त माऊस, कीबोर्ड आणि इंटरफेस एवढ्यावर रेकॉर्ड करावे आणि रोज एकच उपकरण वाढवावे. फँटम पॉवर देताच संगणक बंद पडत असेल, तर मायक्रोफोनची केबल बदलून पाहावी. खराब सोल्डर झालेली केबल आणि धडधाकट इंटरफेस यांच्या भांडणात संगणक उगाच बदनाम होतो.

स्थिर विजेचा उल्लेखही येथेच करायला हवा. कोरड्या हवेत, गालिच्यावरून चालत येऊन हेडफोनच्या धातूच्या पिनला हात लावला की बोटातून ठिणगी उडते आणि ती इंटरफेसमार्गे संगणकापर्यंत पोहोचते. वहीत ‘नुकताच खुर्चीवर बसलो होतो’ अशा नोंदी वारंवार येत असतील, तर उपकरणांना हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करण्याची सवय लावावी.

६. उष्णता मोजा

हाताला गरम लागणे हा पुरावा नव्हे. ‘एचडब्ल्यूइन्फो’सारख्या साधनाने प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचे तापमान मोजावे आणि त्यातील नोंदी फाईलमध्ये लिहिण्याची सोय चालू ठेवावी, म्हणजे संगणक बंद पडण्यापूर्वीचा शेवटचा आकडा हाती राहतो. अनेक इंटेल प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते. त्या मर्यादेजवळ गेल्यावर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तेवढ्यानेही भागले नाही तरच सर्व बंद करतो. त्यामुळे उष्णतेने झालेल्या बंद पडण्याआधी सहसा काही मिनिटे संगणक संथ झालेला आणि आवाज तुटू लागलेला असतो. शेवटचा आकडा ६० असताना संगणक विझला असेल, तर उष्णतेचा पिच्छा सोडून द्यावा.

आकडा ९५च्या वर जात असेल, तर आधी कप्प्याचे दार उघडावे, पंख्यांचा वेग मूळ स्थितीवर आणावा आणि जाळ्यांतील धूळ काढावी. धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती गरगर फिरून पंखा बिघडू शकतो. चार-पाच वर्षे जुन्या संगणकात प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असणे सामान्य आहे. लॅपटॉप कधीही गादीवर किंवा उशीवर ठेवून रेकॉर्डिंग करू नये. आणि मायक्रोफोनमध्ये पंख्याची घरघर येते ही तक्रार असेल, तर पंखा दाबण्याऐवजी मायक्रोफोन संगणकापासून लांब न्यावा. चार मीटरची केबल नव्या प्रोसेसरपेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

७. वीजपुरवठा तपासा

माझा स्वतःचा संगणक एकेकाळी फक्त जलद लयीच्या गाण्यांत बंद पडत असे आणि संथ गाण्यांत कधीच नाही. जलद गाण्यांत ट्रॅक जास्त असतात, म्हणून प्रोसेसरवर ताण येत असावा, या समजुतीवर मी दोन आठवडे ड्रायव्हर बदलत बसलो, बफर वाढवला, एक प्लगइन तर कायमचे काढून टाकले. शेवटी वहीतील ‘त्या क्षणी काय करत होतो’ या रकान्यात चार वेळा लागोपाठ ‘ताल धरत होतो’ असे लिहिलेले दिसले, तेव्हा मी टेबलाखाली वाकून पाहिले. ताल धरणारा माझा पाय एक्स्टेन्शन बोर्डवर पडत होता आणि त्यातील संगणकाची पिन सैल झालेली होती. नोंदींत ४१ आणि बगचेक कोड शून्य हे मला पहिल्याच दिवशी दिसले होते. मी त्यावर विश्वास ठेवला नाही, एवढेच.

म्हणून विजेच्या तपासाची सुरुवात भिंतीपासून करावी. संगणक काही दिवस एक्स्टेन्शन बोर्ड टाळून थेट भिंतीतील सॉकेटला जोडावा आणि कॅबिनेटच्या मागची पॉवर केबल शेवटपर्यंत आत गेली आहे का ते पाहावे. त्याच बोर्डवर ॲम्प्लिफायर, हीटर किंवा इस्त्री चालू होत असेल, तर ती वेगळ्या सॉकेटवर न्यावी. यूपीएस वापरत असाल, तर काही दिवस तोही वगळून पाहावा, कारण दुबळ्या बॅटरीचा यूपीएस वीज क्षणभर खाली येताच भार पेलू शकत नाही आणि संरक्षण करण्याऐवजी स्वतःच रीस्टार्टचे कारण ठरतो. अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) वीज परत येताच संगणक सुरू करण्याची मांडणी असते. ती चालू असेल, तर अर्ध्या सेकंदाची खंडित वीजदेखील ‘आपोआप झालेला रीस्टार्ट’ म्हणून दिसते.

त्यानंतर संगणकाच्या आतला पॉवर सप्लाय, म्हणजे दुरुस्ती करणारे ज्याला एसएमपीएस म्हणतात तो, संशयाच्या कक्षेत येतो. जुन्या पॉवर सप्लायमधील कपॅसिटर वयोमानाने क्षीण होतात; हलक्या कामात ते निभावून नेतात, पण ताण अचानक वाढला की व्होल्टेज कोसळते. याची खात्रीशीर चाचणी एकच आहे, ती म्हणजे पुरेशा क्षमतेचा दुसरा, चांगला पॉवर सप्लाय काही दिवस लावून पाहणे. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे व्होल्टेजचे आकडे क्षणिक पडझड टिपत नाहीत, त्यामुळे ते ठीक दिसले म्हणून पॉवर सप्लायला निर्दोष ठरवू नये. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नये, कारण वायर काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. तसेच रेकॉर्डिंगमधील गुणगुण घालवण्यासाठी काही जण प्लगची अर्थिंगची पिन कापतात किंवा टेप लावून झाकतात. असे करणे थेट जिवाशी खेळणे आहे. गुणगुण घालवण्यासाठी सगळी उपकरणे एकाच सॉकेटच्या अर्थिंगवर आणणे किंवा बॅलन्स्ड केबल वापरणे हेच मार्ग धरावेत.

८. रॅम आणि बायोसची मांडणी

मोठ्या सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या आधीच रेकॉर्ड केलेल्या सुरांचे संच) उघडल्यावरच बंद पडणे हे रॅममधील दोषाचे ओळखीचे लक्षण आहे, कारण एरवी न वापरला जाणारा रॅमचा भाग तेव्हा भरतो. ‘मेमटेस्ट ८६’ पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून संगणक सुरू करावा आणि चाचणीच्या चार फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात. रात्रभर चालू ठेवणे सोयीचे पडते. या चाचणीत एक चूकदेखील जास्तच असते. चूक आढळली, तर बायोसमध्ये जाऊन रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी किंवा एक्सपो ही मांडणी बंद करावी आणि पुन्हा चाचणी घ्यावी. तरीही चूक आली, तर रॅमच्या पट्ट्या एकेक करून तपासाव्यात. प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवत असाल, तर तेही बंद करावे. खेळांमध्ये टिकणारा वेग सलग दोन तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये टिकेलच असे नाही.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. त्यांतील अनेक प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिर होत असल्याचे इंटेलने २०२४ साली मान्य केले, त्यावर बायोसमार्फत मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचनांच्या) सुधारणा दिल्या आणि या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नव्या बायोसमुळे पुढची झीज रोखता येते, पण झालेली भरून येत नाही. त्यामुळे बायोस अद्ययावत करूनही त्रास चालू राहिला, तर वॉरंटीचा दावा करावा.

मॅक वापरत असाल तर

मॅक अशा प्रसंगानंतर ‘एका समस्येमुळे संगणक रीस्टार्ट झाला’ अशा अर्थाचा संदेश दाखवतो आणि अहवाल पाहण्याचा पर्याय देतो. तो घाईने बंद करू नये. बंद झालाच, तर ‘कन्सोल’ या ॲपमध्ये अहवाल नंतरही सापडतो. त्यात गाभ्यातील विस्तारांची (कर्नल एक्स्टेन्शन, म्हणजे गाभ्यात चालणारे ड्रायव्हर) नावे असतात आणि त्यांपैकी ज्यांच्या नावात ॲपलचा उल्लेख नाही, ते बाहेरून आलेले असतात. जुन्या इंटरफेसचा असा विस्तार शिल्लक असेल, तर निर्मात्याने दिलेल्या साधनाने तो काढावा. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर असे विस्तार बसवण्यासाठी सुरक्षेची पातळी मुद्दाम उतरवावी लागते. शक्य असेल तर असा विस्तार न लागणारा इंटरफेस वापरणे बरे. यंत्राची तपासणी ‘ॲपल डायग्नॉस्टिक्स’ने होते. उष्णता, यूएसबी आणि वीज यांविषयी वर लिहिलेले सर्व येथेही लागू पडते.

९. सुधारणा खरी आहे का, ते पडताळा

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर खोटे रेकॉर्डिंग करून पाहावे. त्यासाठी एक ठरलेला प्रोजेक्ट बनवावा: आठ ट्रॅकवर नेहमीचे प्लगइन लावावेत, दोन ट्रॅक रेकॉर्डिंगला लावावेत, फँटम पॉवर चालू ठेवावी, खोली नेहमीसारखी बंद करावी आणि रीस्टार्ट होण्यास एरवी जितका वेळ लागतो त्याच्या तिप्पट वेळ रेकॉर्डिंग चालू राहू द्यावे. चाळीस मिनिटांनी बंद पडणारा संगणक एकदा तासभर टिकला, तर ते काहीच सिद्ध करत नाही. दोन तासांचे तीन प्रयत्न निर्विघ्न पार पडले, तर त्या बदलावर विश्वास ठेवता येतो. नंतर तोच बदल मुद्दाम उलटा करून दोष परत येतो का तेही पाहावे. हे कंटाळवाणे आहे, पण पाच बदल एकदम करून दोष गेला, तर नेमका कशाने गेला हे कधीच कळत नाही आणि सहा महिन्यांनी तो परत आला की पाटी पुन्हा कोरी असते.

एवढे करूनही १२४ हा कोड येत राहिला, जळका वास आला, मदरबोर्डवर फुगलेले कपॅसिटर दिसले किंवा लॅपटॉपची बॅटरी फुगून त्याचा तळ उचलला गेला, तर घरचा तपास तेथेच थांबवावा. बॅटरी फुगली असेल तर लॅपटॉप चार्जिंगलाही लावू नये. दुरुस्ती करणाऱ्याकडे जाताना संगणकाबरोबर मिनीडंपमधील फायली, तापमानाची नोंद, मेमटेस्टचा निकाल आणि आपली वही न्यावी आणि रेकॉर्डिंग करताना जोडलेला इंटरफेस आणि त्याची केबलही सोबत घ्यावी, कारण त्यांच्याशिवाय त्याच्या टेबलावर तो संगणक दिवसभर निमूटपणे चालत राहील.